झोपेची गोळी : चढ आणि उतार



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही मित्रांनी आमच्याजवळ कुरकूर केली. ज्या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय आणि अर्थकारण यांची चर्चा व्हायची, त्यावर हा दवाखान्यातला विषय कशाला, असा त्यांचा प्रश्न. त्यांना आमचे उत्तर असे की, हा विषय आता दवाखान्यात राहिलेलाच नाही. तो माजघरात आला आहे. उशाशी पाण्याचा तांब्या, शेजारी चष्मा आणि चष्म्याखाली गोळ्यांचे पाकीट, हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरचे आहे. घरच्या मंडळींना ते दिसते, पण त्याविषयी कोणी बोलत नाही. मधुमेहाची गोळी माणूस चारचौघांत घेतो. झोपेची गोळी मात्र दिवा मालवल्यावर घेतो. जे चोरून चालते त्याविषयी उघड बोलणे हे सार्वजनिक व्याख्यानमालेचे कामच आहे, असे आम्ही समजतो.

आमच्या दवाखान्यात या संदर्भात दोन प्रकारची माणसे येतात. पहिला प्रकार गोळी घेत राहणाऱ्यांचा. कधी काळी घरात एक मृत्यू झाला, किंवा नोकरीत कटकट झाली, किंवा शस्त्रक्रियेनंतर चार रात्री झोप आली नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांचे पंधरा महिने झाले, पुढे वर्षे झाली. मूळ दुःख ओसरले, गोळी राहिली. दुसरा प्रकार याहून चिंतेचा. हे गृहस्थ कोठेतरी वाचतात की, ह्या गोळ्या वाईट; त्यांचा स्वाभिमान जागा होतो; आणि पाडव्याच्या मुहूर्तावर ते सगळे पाकीट केराच्या टोपलीत टाकतात. घरचे लोक त्यांचे कौतुक करतात. चौथ्या दिवशी त्यांचे हात कापू लागतात, छाती धडधडते, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि क्वचित एखाद्याला आयुष्यात पहिल्यांदाच आकडी येते.

आमचे आजचे सगळे सांगणे या दुसऱ्या गृहस्थांना समोर ठेवून आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, रीत मात्र घातक आहे. गोळी सुरू होते एका रात्रीत. ती उतरवावी लागते महिन्यांनी. हे निग्रहाचे काम नसून बेताबेताने करण्याचे काम आहे.

आता थोडा इतिहास पाहू, कारण तो फार बोधप्रद आहे. झोपेसाठी प्रयोगशाळेत तयार केलेले द्रव्य देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातली. १८६९ साली जर्मनीत लीब्राइख याने क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध म्हणून पुढे आणले. १९०३ साली एमिल फिशर आणि फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल आणले. ते व्हेरोनाल या नावाने विकले गेले. १९१२ साली फेनोबार्बिटाल आले. ते फेफऱ्यावर आजही वापरतात, आणि गार्डिनाल हे त्याचे नाव आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. या बार्बिट्युरेट कुळातल्या औषधांत मोठा दोष असा की, झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबविणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. शिवाय त्यांची सवय जडे, आणि ती एकाएकी तोडली तर आकड्या येत आणि भ्रम होई.

तेव्हा यांहून निर्धोक असे काही हवे होते. ते अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात, हॉफमान-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत, लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून सापडले. गंमत अशी की, निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेले एक संयुग १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर करताना पुन्हा हाती आले आणि तपासणीला पाठविले गेले. त्याचे लिब्रियम झाले. ते १९६० साली बाजारात आले. पाठोपाठ १९६३ साली व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, आले. आपल्याकडे काम्पोज या नावाने ते घरोघर पोहोचले. या कुळाला बेंझोडायझेपाइन म्हणतात. आज ज्यांची नावे चिठ्ठ्यांवर दिसतात ती अल्प्राझोलॅम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही याच घरची भावंडे. झोल्पिडेम हे रचनेने परके, पण काम करण्याची जागा तीच. म्हणून त्यालाही पुढचे बरेचसे विवेचन लागू पडते.

नवे औषध जुन्यापेक्षा खरोखरच निर्धोक होते. पण सवयीच्या बाबतीत नव्हे. हे कळायला फार काळ लागला असे जे म्हणतात ते बरोबर नाही. लिब्रियम बाजारात आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६१ साली, हॉलिस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयातील काही मनोरुग्णांना महिनोन्‌महिने लिब्रियमची मोठी मात्रा दिली जात होती. त्यांपैकी ११ जणांचे औषध त्यांच्या नकळत एकदम बंद करून तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. ११ पैकी १० जणांना त्रास झाला आणि दोघांना आकड्या आल्या. परंतु ती मात्रा मोठी होती, आपली तर लहानच, अशी समजूत करून घेण्यात जगाची वीस वर्षे गेली. १९८१ साली लंडनमध्ये पेटुर्सन आणि लेडर यांनी नेहमीच्या मात्रेवर असलेल्या १६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळी काढल्यावर त्या सर्वांनाच काही ना काही त्रास झाला. १९८८ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना बजावले की, ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत.

असे का व्हावे? आपल्या मेंदूत पेशींना उत्तेजित करणारी द्रव्ये आहेत तशी त्यांना शांत करणारीही आहेत. शांत करणाऱ्यांत प्रमुख द्रव्याला ‘गाबा’ म्हणतात. टांग्याच्या घोड्याला जसा लगाम, तसा मेंदूला गाबा. ही गोळी स्वतः झोप निर्माण करीत नाही. ती गाबाचा जोर वाढविते, म्हणजे लगाम अधिक खेचून धरते. पहिले काही दिवस घोडा थांबतो. परंतु लगाम रोजच खेचलेला राहिला, तर घोडा त्याला सरावतो आणि मान ताणून अधिक जोराने ओढू लागतो. मेंदूही तसाच सरावतो. मग पूर्वीच्या गोळीने पूर्वीसारखी झोप येत नाही; माणूस एकाची दीड करतो, दीडाच्या दोन करतो. आता अशा मान ताणलेल्या घोड्याचा लगाम कोणी एकदम सोडून दिला तर काय होईल? तो उधळेल. पाकीट टोपलीत टाकणाऱ्या गृहस्थांचे नेमके हेच होते. त्यांचे मन दुबळे आहे म्हणून हात कापत नाहीत. मेंदूची मान अजून ताणलेलीच आहे म्हणून कापतात. ती सैल व्हायला आठवडे आणि महिने लागतात.

या ठिकाणी एक फसवणूक होते, ती नीट लक्षात घ्यावी. गोळी सोडल्यावर जी झोपमोड होते, जी बेचैनी येते, ती पाहून माणूस म्हणतो, “बघा, माझा मूळ आजार अजून आहेच, मला गोळीवाचून गत्यंतर नाही.” तो पुन्हा गोळी घेतो, अर्ध्या तासात बरे वाटते, आणि त्याची खात्रीच पटते. वास्तविक तो त्रास पुष्कळदा आजाराचा नसतो, गोळीच्या उताराचा असतो. तो चढतो तसा ओसरतोही. हे आधी ठाऊक असेल त्याला तो सोसवतो. ठाऊक नसेल तो घाबरून मागे फिरतो. आजच्या आमच्या बोलण्यातून श्रोत्यांनी एवढे जरी घरी नेले तरी आम्ही ते सार्थक समजू.

आता उतरावे कसे ते पाहू. पहिली गोष्ट, डॉक्टरांना सांगून उतरावे. ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्याकडे जाऊन स्वच्छ सांगावे की, मला ही कमी करायची आहे. काही लोकांनी तर आपण होऊन गोळीला हातच लावू नये: ज्यांना फेफऱ्यासाठी क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांसारखी औषधे चालू आहेत ते, ज्यांना पूर्वी कधी आकडी आली आहे ते, जे रोज दारू घेतात ते, ज्यांना अफूच्या जातीची वेदनाशामके चालू आहेत ते, आणि गर्भवती स्त्रिया. यांच्यापैकी काहींना उतार रुग्णालयात राहूनच करावा लागतो. या गोळ्या मुळातच वाईट आहेत असे मात्र आम्ही म्हणत नाही. आकडी थांबविण्यास, शस्त्रक्रियेपूर्वी, दारू सोडविताना त्या प्राण वाचवितात. आमची तक्रार आहे ती पंधरा दिवसांचा पाहुणा घरजावई होऊन बसतो त्याबद्दल.

दुसरी गोष्ट, पायरी लहान ठेवावी. २०२५ साली अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी मिळून जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात सांगितले आहे की, सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्केच कमी करावे, आणि सामान्यतः दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपलीकडे जाऊ नये. टक्केवारीने श्रोत्यांचे समाधान होत नाही, म्हणून एक हिशेब मांडून दाखवितो. तो केवळ समजण्यासाठी आहे. कोणी त्याची चिठ्ठी करू नये. समजा, एक गृहस्थ रोज रात्री १० मिलिग्रॅम डायझेपाम घेतात. बाजारात या गोळ्या १०, ५ आणि २ मिलिग्रॅमच्या मिळतात. पाचाची एक व दोनाच्या दोन घेतल्या की ९ झाले. पाचाची एक, दोनाची एक आणि दोनाची अर्धी घेतली की ८. असे दर दोन आठवड्यांनी एकेक मिलिग्रॅम उतरत दहा आठवड्यांत ते पाचावर येतील. तेथून पायरी आणखी लहान करायची, अर्ध्या मिलिग्रॅमची. कारण दहातून एक काढणे म्हणजे दहावा हिस्सा, पण दोनातून एक काढणे म्हणजे निम्मा हिस्सा. पाचापासून शून्यापर्यंत अशा दहा पायऱ्या, म्हणजे वीस आठवडे. एकूण तीस आठवडे, सात महिने झाले. कोणाला चार महिने पुरतील, कोणाला वर्षाहून अधिक लागेल. वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळीला सात महिने देणे काही महाग नाही. लोक शेवटच्या टप्प्यावर ‘आता राहिलेच किती’ म्हणून घाई करतात. नेमकी तेथेच घाई करू नये.

अल्प्राझोलॅमसारख्या काही गोळ्यांचा असर लवकर संपतो, म्हणून त्यांचा उतारही झटक्याने जाणवतो. अशा वेळी डॉक्टर कधी कधी रुग्णाला हळूहळू डायझेपामवर आणतात. ते शरीरात दीर्घकाळ राहत असल्याने उतार सौम्य होतो. वृद्धांना आणि यकृताचा विकार असणाऱ्यांना ते सोसेलच असे नाही. तेव्हा हा बदल डॉक्टरांनीच करावा. आणखी एक सूचना. गोळीच्या नावापुढे एस. आर. किंवा सी. आर. अशी अक्षरे असतील, तर ती हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेली असते. ती मोडून अर्धी करू नये.

तिसरी गोष्ट, वेग ज्याचा त्याने ठरवावा. इंग्लंडात न्यूकॅसल येथे प्राध्यापक हेदर ॲश्टन या विदुषींनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या कामासाठी एक दवाखाना चालविला, आणि १९९९ साली आपला अनुभव एका पुस्तिकेत मांडला. त्या २०१९ साली वारल्या. उताराची दोरी रुग्णाच्या हाती असावी, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. एखादी पायरी जड गेली तर तेथेच दोन-चार आठवडे थांबावे; पण शक्यतो परत वर चढू नये. घरात लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा, आजारपण असेल तेव्हा मुळी सुरुवातच करू नये. एक वही करावी. तीत तारीख, मात्रा, झोप आणि त्रास एवढे रोज लिहावे. दोन महिन्यांपूर्वीचे पान उलटून पाहिले म्हणजे आपण किती उतरलो ते कळते आणि धीर येतो.

गोळी जसजशी कमी होईल तसतशी तिची जागा कशाने तरी भरली पाहिजे. ती दारूने भरू नये; दारू मेंदूच्या त्याच लगामाला हात घालते, आणि दोन्ही एकत्र झाल्या तर श्वासावर बेततात. झोपेची पुडी म्हणून मिळणारी, आत काय आहे ते न लिहिलेली चूर्णेही घेऊ नयेत. झोपेची घडी बसविण्याचे एक शास्त्र आता तयार झाले आहे, आणि २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी तेच वापरावे अशी शिफारस केली. त्यातले मुख्य नियम साधे आहेत. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी. अंथरूण झोपेसाठीच, तेथे हिशेब, वर्तमानपत्र आणि मोबाइल नको. वीसएक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसावे, डोळे जड झाले की परत यावे. दुपारची लांब झोप आणि संध्याकाळचा चहा या दोन गोष्टी आपल्याकडे जिवाभावाच्या. परंतु दुपारी दोन तास झोपून रात्रीची झोप येत नाही म्हणणाऱ्याने प्रथम हाच हिशेब तपासावा. हे नियम पहिल्या आठवड्यात गुण देत नाहीत. महिन्या-दीड महिन्यात देतात.

आता घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. गोळ्या लपवून ठेवू नका, फेकून देऊ नका, आणि “अजून सुटली नाही का?” असे जेवणाच्या पानावर विचारू नका. उतरणारा माणूस काही दिवस चिडचिडा होतो. भांड्याचा आवाज, दिव्याचा उजेडदेखील त्याला सोसत नाही. तो उताराचा भाग आहे, स्वभावाचा नव्हे. मात्र आकडी आली, नसलेली माणसे दिसू लागली, दिवस-रात्रीचे भान सुटले, किंवा जीव द्यावा असे शब्द तोंडून आले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मनाच्या त्रासासंबंधी बोलण्यासाठी सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६.

शेजाऱ्याला आपली गोळी ‘एक घेऊन तर पाहा’ म्हणून देणे हा आपल्याकडचा आणखी एक प्रकार. ही साखर उसनी देणे नव्हे. अल्प्राझोलॅम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१३ साली जाहीर झालेल्या एच-वन या परिशिष्टात आहेत. ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव दुकानदाराने स्वतंत्र वहीत नोंदवायचे असते आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. जुनी चिठ्ठी दाखवून पाच वर्षे गोळ्या मिळतात, ही सोय नसून आपलेच नुकसान आहे.

व्याख्यानाच्या आधी काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोहोंना उत्तर देतो. एकाने विचारले आहे, “माझी गोळी अर्ध्याच मिलिग्रॅमची आहे, मग भीती कसली?” मिलिग्रॅमच्या आकड्यावर जाऊ नये. अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलॅम हे ॲश्टनबाईंच्या तक्त्यात १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचे धरले आहे. वेलदोडा आणि भोपळा वजनाने तोलून चालत नाही.

दुसरी चिठ्ठी अशी : “आमच्या आईचे वय ऐंशी. आता या वयात तिला कशाला त्रास?” प्रश्न प्रेमाचा आहे. परंतु ऐंशीव्या वर्षीच ही गोळी अधिक घातक. वृद्ध शरीरातून ती लवकर बाहेर पडत नाही. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, आणि पुष्कळदा तेथून माणूस पुन्हा पायांवर उभा राहत नाही. स्मरण मंदावते, आणि आपण त्याला म्हातारपण म्हणतो. शिवाय वृद्धांना गोळी सुटत नाही हेही खरे नव्हे. कॅनडात क्वेबेक प्रांतात ६५ ते ९५ वर्षे वयाच्या ३०३ जणांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांच्या हाती औषधाचे धोके आणि उताराच्या पायऱ्या सांगणारी एक साधी पुस्तिका दिली. सहा महिन्यांनी पाहिले तर पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती, आणखी ११ टक्के लोकांनी मात्रा कमी केली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत सोडणारे ५ टक्केच होते. पूर्ण सुटली नाही तरी निम्मी झाली, हाही लाभच आहे. मात्र ते ठरवावे आईने आणि तिच्या डॉक्टरांनी.

मंडळी, त्या प्रयोगात कोणाला उपदेश केला नव्हता, कोणाची लाज काढली नव्हती. आपण काय घेतो आणि ते कसे सोडावे, एवढेच समजावून सांगितले, आणि पिकल्या केसांच्या माणसांनी आपले आपण ते करून दाखविले. आपल्या गावातही हे होऊ शकेल. आज रात्री घरी गेल्यावर उशाशी पाकीट असेल, तर ते फेकू नका. नेहमीची गोळी नेहमीसारखीच घ्या आणि झोपा. उद्या सकाळी मात्र ते पाकीट खिशात घालून आपल्या डॉक्टरांकडे जा आणि म्हणा, “मला उतरायचे आहे, घाई नाही.”